डीपी सगळ्यांचा, हिशेबही सगळ्यांचाच



फाल्गुन-चैत्रात ऊस तहानलेला असतो आणि नेमकी तेव्हाच मोटार जळते. मग कोणी वायरमनला बोल लावतो, कोणी मोटार भरून देणाऱ्याला, कोणी नशिबाला. आमचे मत असे की, आधी दोन आकडे पाहावेत : व्होल्ट किती आणि अँपिअर किती. उसाचे वजन काट्यावर डोळ्यांत तेल घालून बघणारे आपण, विजेचे माप मात्र अंदाजपंचे धरतो, हे बरे नव्हे.

हिशेब काही अवघड नाही. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यांनी १८२७ साली तो मांडला. तारेच्या दोन टोकांमधल्या व्होल्टना अँपिअरने भागले की तारेचा रोध निघतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, म्हणजेच शक्ती. थ्री फेज मोटारीला हा गुणाकार आणखी १.७३ ने आणि पॉवर फॅक्टरने गुणायचा, एवढंच.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ५ ची मोटार ३,७३० वॅटचे काम देते. आतली घट धरून ती ओढते सुमारे ४,६६० वॅट. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला, तर ४१५ व्होल्टवर ७.६ अँपिअर होतात. पण दाब ३३० वर उतरला तर? पाणी जवळजवळ तेवढंच उपसायचं, म्हणून मोटार साडेनऊ अँपिअर खेचते. तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. अँपिअर सव्वापट झाले की उष्णता दीडपटीच्या वर जाते. मोटार जळते ती अशी. रिले ट्रिप होऊन हेच सांगत असते. आणि आपण काय करतो? रिलेचा काटा पुढे सरकवतो, फ्यूजला जाड तार बांधतो. राखणदाराचंच तोंड बांधलं, मग चोरी झाली म्हणून ओरडायचं कोणी?

दाब का उतरतो? लाइन लांब, तारा जुन्या, हा दोष वीज देणाऱ्यांचा. तो दुरुस्त करून घेतलाच पाहिजे. पण थोडं घरचंही बघू. ६३ केव्हीएचा डीपी सुमारे ८४ अँपिअर देतो. त्यावर ५ च्या ११ मोटारी बसतात. मंजुरी ५ ची घेऊन अकराही जणांनी साडेसातच्या बसवल्या, तर मागणी १२५ अँपिअरवर जाते. दाब सगळ्यांचाच पडतो. ज्याने प्रामाणिकपणे ५ चीच ठेवली, त्याचीही मोटार जळते. हे सहकारात बसत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येकाने वायरमनकडून स्टार्टरच्या बोर्डावर व्होल्टमीटर व अँपिअरमीटर बसवून घ्यावा आणि दोन्ही आकडे वहीत टिपावेत. एका डीपीवरच्या सभासदांनी एकत्र बसून खऱ्या मोटारी मोजाव्यात, खरा भार मांडावा आणि पाळ्या ठरवाव्यात. मग तारीख, वेळ, व्होल्ट लिहून सगळ्यांच्या सह्यांनी डीपी वाढवून मागावा. नुसत्या आरडाओरड्याला टाळता येतं, लिहिलेल्या आकड्यांना उत्तर द्यावंच लागतं. पण ते मागण्याआधी आपले आकडे खरे हवेत.