सर्पदंशाचे पत्रक आणि औषधाची कुपी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, पेरण्यांची लगबग सुरू झाली, की रुग्णालयांकडून सर्पदंशाविषयीची पत्रके निघू लागतात. साप चावल्यास घाबरून जाऊ नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे, असा त्यांचा आशय असतो. तो निर्दोष आहे. प्रश्न आहे तो एवढाच की, हा सल्ला शिरोधार्य मानून जो माणूस मध्यरात्री खरोखरच दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहतो, त्याच्या पदरात तेथे काय पडते?

हा प्रश्न किरकोळ नव्हे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलांचे. मरणारा बहुधा शेतकरी, शेतमजूर किंवा त्यांचे मूल असते. आणि म्हणूनच या मृत्यूंचा गाजावाजा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला. ते विशेषण येथे अगदी अन्वर्थक आहे.

पत्रकांतील सल्ल्याकडे वळू. दंशाच्या वर दोरी करकचून बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. चावलेला हात वा पाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवून रुग्णाला न चालवता न्यावे, हे आता शास्त्राने निश्चित केले आहे. आवळलेल्या दोरीने विष तर अडत नाहीच, उलट अवयव मात्र गमावण्याची पाळी येते. परंतु ज्या गोष्टीवर पत्रकांनी सर्वांत अधिक भर द्यावा, ती पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते, आणि ती म्हणजे मण्यार. नाग फणा काढतो, घोणस फूत्कारते, फुरसे अंग घासून आवाज करते. मण्यार यांपैकी काहीच करीत नाही. ती रात्री येते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते, आणि त्या दंशाला ना फारशी वेदना, ना सूज. पहाटे पोटात कळा येतात. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. पापण्या जड होऊन मिटू लागतात, जीभ अडखळते, गिळता येईनासे होते, आणि मग श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे दुखू लागले आणि पापण्या उचलेनात, तर दंशाची खूण शोधत बसू नये, हे वाक्य ठळक अक्षरांत छापले पाहिजे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचणे, हा त्यावरचा साधा उपाय. अर्थात खाट ज्याच्या घरी आहे त्याच्यासाठी!

मांत्रिकाची हेटाळणी करणे शहरात बसून फार सोपे आहे. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेले बरेचसे रुग्ण बरे होऊन परततात, ते मुळात विषबाधा झालेलीच नसल्यामुळे. हा साधा हिशेब लोकांना समजावून सांगण्याऐवजी आपण 'अंधश्रद्धा' हा शब्द त्यांच्या तोंडावर फेकतो. शिवाय मांत्रिक गावात असतो, अपरात्री दार उघडतो आणि नातेवाइकांशी चार शब्द बोलतो. या तीन गुणांत सरकारी दवाखान्याने त्याच्याशी स्पर्धा करावी; मंत्राचा प्रभाव मग आपोआप ओसरेल.

सर्पविषावर औषध एकच, प्रतिसर्पविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष अल्प मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून ते मिळवतात. परळच्या हाफकिन संस्थेने या कामी मिळवलेला लौकिक महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण ते औषध वेळेवर शरीरात गेले पाहिजे. आणि गाडे अडते ते येथेच. कधी कुप्या संपलेल्या असतात, कधी डॉक्टर मुक्कामी नसतो. आणि दोन्ही असले, तरी औषधाची तीव्र प्रतिक्रिया येईल या धास्तीने नवखा डॉक्टर पहिली मात्राही न देता 'तालुक्याला न्या' असे लिहून मोकळा होतो. तालुका जिल्ह्याकडे बोट दाखवतो. या फेऱ्यात जी घटका जाते, तिच्यात कित्येकांचा जीव जातो. वास्तविक प्रतिक्रियेवरचे ॲड्रेनलिन ही काही दुर्मिळ वस्तू नाही. घोणस वा फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे काय, हे पाहण्यासाठी काचेची एक स्वच्छ, कोरडी नळी, थोडे रक्त आणि वीस मिनिटांचा धीर एवढे पुरते.

ग्रामीण दवाखान्यात हे होणे शक्य नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी महाडकडे पाहावे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1970 आणि 80 च्या दशकांत कोकणातल्या अशाच साधनहीन परिस्थितीत विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली, प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यावर वापरले आणि एके काळी अनेकदा जीवघेणा ठरणारा लाल विंचवाचा दंश आटोक्यात आणला. त्यांच्यापाशी यंत्रसामग्री नव्हती. ते रुग्णापाशी हजर होते.

2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु आराखड्याची परीक्षा दिल्लीत व्हावयाची नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने दारावरच्या फळ्यावर रोज दोन गोष्टी लिहाव्यात: आज प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, आणि आज रात्री मुक्कामी कोण आहे. फळ्यावर शून्य असेल तर गावकऱ्याला निदान तेथे न थांबता पुढची वाट धरता येईल. आणि ते शून्य सलग आठ दिवस दिसले, तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला त्याचा जाब विचारता येईल. याला निराळा निधी लागत नाही. लागतो तो खडू.