आकाशांतील उजेडाची पारख

गेल्या हिवाळ्यांत परभणीस एका आप्तांच्या जुन्या वाड्यांत मुक्काम असतां, रात्रीं माळवदावर आमची धाकटी नात मृगनक्षत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, त्या तीन ताऱ्यांखालचा तारा असा पुसट कां?" "धुकें असेल," असें सांगून आम्ही मोकळे झालों. तें उत्तर चुकीचें होतें. म्हणून येथें खरें देत आहों.

तो तारा नव्हे. सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर असलेला वायूचा मेघ होय. त्यांत नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचे जंबुपार किरण हायड्रोजनच्या अणूंतून विद्युत्कण उडवितात. ते पुनः अणूशीं मिळतांना तांबडा प्रकाश निघतो. अशा मेघांच्या वर्णपटांत एक हिरवट रेषाहि असते. हगिन्स यांनीं १८६४ सालीं कालेय तारकापुंजांतील तेजोमेघांत ती पाहिली. ती कोणत्याच ज्ञात द्रव्याशीं जुळेना, तेव्हां 'नेब्युलियम' हें नवें मूलद्रव्य कल्पिलें गेलें. १९२७ सालीं बोवेन यांनीं दाखविलें कीं, ती दोन विद्युत्कण गमावलेल्या ऑक्सिजनचीच रेषा आहे.

दीर्घिकांच्या प्रकाशांतहि याच रेषा दिसतात. पण सर्वत्र सारख्या नव्हेत. सर्पिल दीर्घिकांच्या बाहूंत असे मेघ जागोजागीं असतात. तेथें पाळणा हालताच आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत थंड वायु थोडा व वृद्ध तारेच फार. तरीहि पुष्कळींत मंद उजेड आढळतो, आणि त्यांत हायड्रोजनच्या मानानें नायट्रोजनची रेषा ठळक असते. तो बहुतांशीं वृद्ध ताऱ्यांच्या तप्त अवशेषांचा असावा. कांहींच्या गाभ्यांत कृष्णविवराभोवतालचें तेज वायूस उजळवितें. अशा दीर्घिकांकडे सेफर्ट यांनीं १९४३ सालीं लक्ष वेधलें. सारांश, केवळ उजेड पाहून हिशेब केला, तर जेथें जन्म नाहीं तेथेंहि बारशीं मोजलीं जातील! म्हणून रेषांचें परस्पर प्रमाण तपासावें लागतें.

हें कार्य आपल्याकडेहि चालतें. २०२० सालीं पुण्याच्या 'आयुका'तील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'ॲस्ट्रोसॅट'च्या साह्यानें ९३० कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेंतून निसटलेले जंबुपार किरण टिपले.

'नेब्युलियम' काय, कीं आमचें 'धुकें' काय, नांव दिल्यानें प्रश्न सुटत नाहीं. नातीस आम्हीं दुसऱ्या रात्रीं पुनः माळवदावर नेलें, आणि आपली चूक कबूल केली.