पॅटर्नमध्ये न बसणारं लेकरू

नीटच्या क्लाससाठी गावोगावची पोरं लातूर-नांदेडला येतात. पण इथल्याच आईला स्वमग्न लेकरासाठी शाळा शोधत वणवण करावी लागते. ‘याला दुसरीकडं घाला’ म्हणून परत पाठवणं कायद्यात बसत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. शाळा जवळची की विशेष, निवड आपली. विशेष शिक्षकाची मदत तालुक्याच्या गट साधन केंद्रात मागता येते.

तुमच्या गल्लीत असं घर आहे? मग फुकटचे सल्ले नकोत. यूडीआयडी कार्डाचा ऑनलाइन अर्ज भरून द्या आणि त्या आईसोबत शाळेत जा. हक्क माहीत असलेलं माणूस सोबत असलं, की ‘नाही’ म्हणणं सोपं राहत नाही.