गडावरच्या रात्रीचा स्वयंपाक घरच्या ओट्यावर

दिवाळी झाली की सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकचे बेत सुरू होतात. पाऊस थांबलेला असतो, टाकी भरलेली असतात, रात्री हवीहवीशी थंडी पडते. ग्रुपवर दोर कोण आणणार, तंबू किती लागतील, गाडी कुणाची न्यायची यावर भरभरून बोलणं होतं. जेवणाचा विषय निघाला की मात्र कुणीतरी तो एका ओळीत मिटवून टाकतं : ‘वर खिचडी टाकू.’

वर खिचडी टाकायची म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? दिवसभर चालून माणसं पोचतात तेव्हा दिवस कलत आलेला असतो आणि गुहेत अंधार असतो. तांदूळ एकाच्या सॅकमध्ये, डाळ दुसऱ्याच्या, मीठ आणलंय की नाही हे कुणालाच आठवत नाही. मग कुणीतरी डोक्याला टॉर्च बांधून दगडावर कांदे चिरायला बसतं. हे ‘कुणीतरी’ दर वेळी तेच असतं : ज्याला स्वयंपाक येतो ते, आणि बऱ्याचदा ती बाई असते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. तिथला सूर्यास्त बघायला लोक पाचनईहून, खिरेश्वरहून तंगडतोड करत चढून येतात. सगळ्यांना जेवू घालणाऱ्या माणसालाच तो सूर्यास्त दिसू नये, हे मला आजवर कधी पटलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की गडावरचा स्वयंपाक घरीच उरकावा. निवडणं, चिरणं, भाजणं, फोडणी, मोजमाप हे सगळं दोन दिवस आधी आपल्या ओट्यावर, भरपूर उजेडात आणि सगळ्यांनी मिळून करायचं. वर गेल्यावर फक्त पाणी उकळायचं काम उरलं पाहिजे.

मग शिजवूनच डबे का भरू नयेत, असं पुष्कळजण विचारतात. पहाटे पुलाव करून डब्यात भरला आणि रात्री आठला गडावर उघडला, तर दिवसभर तो उन्हात सॅकच्या आत कोमट राहिलेला असतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू वाढतात. भाताच्या बाबतीत बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू विशेष त्रासदायक आहे. त्याचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत, कोमट ओलाव्यात ते पुन्हा जागे होतात आणि त्यातून तयार होणारं एक विष नंतर भात कितीही गरम केला तरी नष्ट होत नाही. दवाखाना चार-पाच तासांच्या उतरणीवर असताना हा धोका पत्करू नये. शिजवलेला भात, ओलं खोबरं घातलेली भाजी, उकडलेले बटाटे यांतलं काहीही रात्रीसाठी नेऊ नका. पहिल्या रात्रीपुरत्या दशम्या मात्र खुशाल न्याव्यात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट आणि गूळ असला की ते पुरेसं जेवण आहे.

दुसरा मुद्दा ओझ्याचा. शिजलेल्या भातात वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाण्याचाच असतो. अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी हे फार जाणवतं. आंबेवाडीतून निघाल्यावर वर ना वस्ती, ना टपरी. दोन रात्रींचं सगळं पाठीवर न्यायचं, आणि अलंग-मदनच्या कातळावर दोर लावून चढताना सॅकचं एकेक किलो खांद्याला कळतं. अलंगवर आणि कुलंगवर कातळात खोदलेली टाकी आहेत, म्हणून तिथे कोरडा शिधा नेऊन वरच्या पाण्यात शिजवणं शहाणपणाचं. पण जिथली टाकी उन्हाळ्यात आटतात, तिथे हा हिशेब उलटतो. स्वयंपाकाचं पाणी खालूनच न्यायचं असेल तर कोरड्या शिध्याने वजन वाचत नाही. अशा गडावर पाणी लागणारच नाही असं जेवण न्यावं : तीळ लावलेल्या भाकऱ्या, गुळाच्या पोळ्या, दशम्या, भाजलेला जवळा. बेत ठरवताना मी आधी पाण्याची चौकशी करते, पदार्थ नंतर ठरवते.

आता पिठल्याकडे येते, कारण गडावरच्या जेवणात त्याचा मान पहिला. घरी जाड बुडाच्या कढईत तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग घालावं. पातळ चिरलेला लसूण तपकिरी, अगदी कुरकुरीत होऊ द्यावा. कढीपत्त्याची पानं हातात चुरली जातील इतकी कोरडी झाली पाहिजेत. लसणात किंवा कढीपत्त्यात ओल राहिली तर मिश्रण टिकत नाही, म्हणून इथे घाई नको. मग हळद आणि लगेच बेसन. मंद आचेवर, हात न थांबवता, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं. गार झाल्यावर तिखट-मीठ आणि वेगळा तळून कुरकुरीत केलेला कांदा मिसळायचा. वर गेल्यावर एका वाटीला तीन वाट्या पाणी. आधी गार पाण्यात कालवून मग आचेवर ठेवलं की गुठळी होत नाही. बेसन आधीच भाजलेलं असल्याने कच्चेपणा घालवायला वेळ लागत नाही. पाच-सात मिनिटांत पिठलं तयार.

खिचडीला तूरडाळ नको, मूगडाळच घ्या. याला कारण आहे. समुद्रसपाटीपासून जसजसं वर जावं तसं पाणी कमी तापमानाला उकळतं. चौदाशे-पंधराशे मीटरवर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि तिथे कुकरही नसतो. तूरडाळ मग तासभर टणक राहते आणि गॅस संपवते. तीन वाट्या तांदूळ आणि दीड वाटी मूगडाळ घरी तुपावर भाजून घ्यावी. त्यातच जिरं, मिरी, लवंग, हळद, मीठ, तळलेला कांदा आणि सुक्या खोबऱ्याचा कीस घालून पाकीट बांधावं. पाच-सहा जणांना हे पुरतं आणि शिजायला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. मुक्कामी पोचताच मिश्रण अर्धा तास भिजत घालायचं आणि त्या वेळात सगळ्यांनी कड्यावर जाऊन यायचं. परतल्यावर दहा मिनिटं झाकण ठेवून खदखदू द्यायचं, मग गॅस बंद करून टोप स्वेटर-शालीत घट्ट गुंडाळायचा. वीस-पंचवीस मिनिटांत उरलेलं काम आतली वाफच करते.

मसाल्यांचे आणि पिठांचे हे प्रकार करता करता माझं लक्ष पुन्हा पुन्हा माळ्यावरच्या डब्यांकडे जातं. आपल्या आया-आज्या एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर जे वाळवण घालत आल्या, तो मुक्कामी ट्रेकसाठी तयार शिधाच आहे. सांडगेच बघा. वाटलेल्या डाळीत तिखट-मीठ-मसाला घालून ते बोटांनी तोडलेले असतात आणि कडक उन्हात खडखडीत वाळलेले असतात. घरी थोड्या तेलात परतून ठेवले की वर उकळत्या पाण्यात कांदा-लसूण चटणीबरोबर पंधरा मिनिटांत मऊ होतात, आणि रश्श्याला घट्टपणाही त्यांचाच येतो. कुरडयांची भाजी, वाळवलेली गवार, वाळवलेली मेथी हे सगळं वजनाला हलकं आहे आणि नासण्याची भीती नाही. सोलापूरकडची कडक भाकरी तर मला या बाबतीत अजोड वाटते. पातळ थापून, भाजून, पार कोरडी केलेली ही ज्वारी-बाजरीची भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. सांडग्यांच्या गरम रश्श्यात ती चुरून पाच मिनिटं झाकून ठेवा. थंडीवाऱ्यात बसलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं रात्रीचं जेवण मला तरी माहीत नाही. आजकाल परदेशी बनावटीची कोरड्या जेवणाची पाकिटं ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतात. ज्यांना सोयीची वाटतात त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण ज्या मुलांना सांडगे काय असतात हेच माहीत नाही, त्यांना ते गडावर एकदा खाऊ घालावेत, अशी माझी मनापासून इच्छा असते.

वाळवण्यामागचं शास्त्र आपल्या देशात गांभीर्याने अभ्यासलं गेलं आहे. म्हैसूरला १९६१ मध्ये सुरू झालेल्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीने सैन्यासाठी टिकाऊ, हलकं, झटपट तयार होणारं अन्न विकसित केलं. त्यामागचं तत्त्व घरातही वापरता येतं. कुकरमध्ये शिजवून घोटलेलं साधं वरण ताटात पातळ पसरून मे महिन्याच्या उन्हात किंवा डिहायड्रेटरमध्ये ६० अंशांच्या आसपास वाळवावं आणि पापुद्रे सुटले की मिक्सरमधून काढावं. उकळतं पाणी घातलं की पुन्हा वरण होतं. यामुळे तूरडाळही गडावर नेता येते. एक मात्र पाळावं : वाळवण्याआधी फोडणी घालू नये. तेल-तूप पाण्यासारखं उडून जात नाही, ते तसंच राहतं आणि पुढे खवट होतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उन्हावर भरवसा ठेवू नका. वरवर कोरडं दिसतं आणि आत ओल राहते.

गुहेतल्या चुलीबद्दल मला जास्त काळजीने लिहायचं आहे. खिचडीसाठी लाकडं गोळा करायला निघालेली मुलं कारवीच्या काटक्या मोळीने आणतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, उतारावरची माती धरून ठेवते, आणि पायथ्याच्या गावांत घरांच्या कुडांना तीच लागते. डिसेंबरनंतर माथ्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी उडाली तर सगळं पठार पेटतं. हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा ती जळती सोडून जाणं हा गुन्हा आहे. लेण्यांच्या आणि मंदिरांच्या भिंती धुराने काळ्या होतात त्या वेगळ्याच. जेवण घरी तयार करून नेलं की सरपण लागतच नाही. छोट्या स्टोव्हवर वाऱ्याला आडोसा करून एक लिटर पाणी उकळायला दहा-पंधरा ग्रॅम गॅस पुरतो.

इतकं सगळं सांगितल्यावर हेही सांगायला हवं, की काही ठिकाणी शिधा न नेणंच चांगलं. हरिश्चंद्रगडावर स्थानिक मंडळी पिठलं-भाकरी करून देतात. पायथ्याच्या कितीतरी गावांत घरगुती जेवण मिळतं. जिथे चुलीवरची गरम भाकरी थापून देणारी मावशी आहे, तिथे तिला आदल्या दिवशी फोन करून माणसांचा आकडा कळवावा, पोटभर जेवावं आणि ती सांगेल ते पैसे घासाघीस न करता द्यावेत. डोंगरातल्या त्या घराला आपल्या चार पानांचा खरा आधार असतो. शिध्याची पाकिटं ओस गडांसाठी राखावीत.

पाकिटं बांधतानाची एक सवय मला फार उपयोगी वाटते. प्रत्येक पाकिटावर जाड पेनाने सगळं लिहायचं : कोणती रात्र, किती माणसं, पाणी किती, भिजवायचं किती वेळ, उकळायचं किती वेळ. पाणी लिटरमध्ये नको, सोबतच्या टोपाच्या खुणेत लिहायचं. टोपाला आतून कुठपर्यंत पाणी, हे घरीच मोजून ठेवायचं. वाचता येणाऱ्या कुणालाही मग ते जेवण करता येतं. ज्याने आयुष्यात कधी फोडणी दिलेली नाही, असा कॉलेजातला मुलगाही पंधरा जणांना जेवू घालतो, आणि त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते बघण्यासारखं असतं. रिकामी पाकिटं त्याच्याच सॅकमधून खाली येतात. खरकटं गडावर टाकायचं नाही, माकडांनाही घालायचं नाही. मोजून केलं की ते फारसं उरतच नाही.

डिसेंबरात आमचं कुलंगचं ठरतं आहे. पहिल्या रात्री दशम्या आणि चटणी, दुसऱ्या रात्री सांडग्यांचा रस्सा आणि कडक भाकरी. जास्तीचं एक पिठल्याचं पाकीट, उतरायला उशीर झाला तर. भाजायचं काम गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे आहे. कांदा तळायला कुणीतरी दोघांनी लवकर या, सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.