साठा आणि कालवा

वैशाख पौर्णिमेस भगवान बुद्धांचा जन्म, बोधी व महापरिनिर्वाण या तिन्हींचे स्मरण होते. जप, पोथी, एकादशी सांभाळणाऱ्या घरांनी त्यांची ध्यानसाधना परकी मानावी, असे कारण आम्हांस दिसत नाही. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या तिच्यातील चार भावनाच पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात चित्तप्रसादासाठी सांगितल्या आहेत.

ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले. १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी हे विपश्यनाकेंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात आरंभी केवळ येता-जाता श्वास पाहावयाचा, मग देहावरील संवेदना समभावाने निरखावयाच्या, आणि अखेरीस सर्वांप्रती मंगलमैत्री. हा क्रमच बोलका आहे.

आमच्या येलदरीस पूर्णेचे पाणी साठते. पण शिवार भिजते ते खाली सिद्धेश्वर धरणाहून निघणाऱ्या कालव्यांनी. ध्यान हा साठा, करुणा हा कालवा. देवघरातून उठताच सुनेला वा मोलकरणीला टाकून बोलणे झाले, तर तो साठा कोणाच्या कामी आला?

बुद्धघोषाचार्यांनी ‘विशुद्धिमार्ग’ ग्रंथात मैत्रीभावना स्वतःपासून आरंभून प्रियजन, तटस्थ आणि शेवटी वैरी यांच्यापर्यंत नेली आहे. बांधाच्या तंट्यावरून अबोला धरलेला सख्खा भाऊ, हीच आपल्या घरांतील शेवटची पायरी. सायंकाळी दिवा लावताना चार श्वास सावधपणे पाहावेत, त्याचे कल्याण चिंतावे, आणि सवड न शोधता त्याच्या दारी जावे. साधना तेथेच कसास लागते.