तरुणांचें गायन आणि आमची कंजुषी

मुलगा पेटी किंवा तबला शिकूं लागला कीं ‘यानें पोट भरणार काय?’ असा प्रश्न आमच्या घरोघर अजूनहि विचारला जातो. प्रश्न व्यवहाराचा आहे. तेव्हां उत्तरहि व्यवहाराचेंच देतों.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तेव्हां गाणें कुलीनांस शोभत नाहीं अशी समजूत होती. त्यांनीं मुलांस वर्गांत बसवून क्रमानें शिकविलें आणि सभेपुढें गावयास लाविलें. पुढें मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायीं गेली. पण विद्या गेली नाहीं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनीं १९३२ सालीं पुण्यास विद्यालय उघडलें. इमारत बुडाली, माणसें तरलीं. याहून मोठा नफा कोणता?

कारण उघड आहे. चारचौघांबरोबर समेवर येण्यास शिकणारा मुलगा दुसऱ्याचें ऐकावयासहि शिकतो. एके ठिकाणीं चुकला तर पुढच्या आवर्तनांत सांवरतो. एकदां सभेपुढें गाइलेल्या मुलीचा आवाज पुढें कचेरींत वा दुकानांत कांपत नाहीं.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस विनंति आहे कीं, उत्सवांत ध्वनिक्षेपकांवर उधळल्या जाणाऱ्या वर्गणीचा कांहीं अंश त्यांनीं बाजूस काढावा. पेठेंतील मुलामुलींसाठीं एक खोली, दोन तंबोरे व एक शिक्षक यांची तजवीज करावी. आणि त्याच मांडवांत त्यांस गावयास बसवावें. भाड्यानें आणलेला गोंगाट दहा दिवसांत विरतो. मुलांच्या अंगीं आलेला धीर जन्मभर पुरतो.