आत्याबाईंची तबकडी

आमच्या आत्याबाईंनी घरच्या एका लग्नात म्हटलेल्या गाण्यांची एकच सीडी उरली आहे. आत्याबाई आता नाहीत. गेल्या महिन्यात ती लावली, तो तिसऱ्या गाण्यात खरखर ऐकू आली, आणि नक्कल करण्याचे काम यापुढे लांबणीवर टाकता येणार नाही हे ध्यानी आले.

पूर्वी हे काम एका दुकानात सोपविले होते. नवी सीडी वाजे, पण झांजांचा नाद पाण्याखालून आल्यासारखा वाटे. विचारता कळले, की त्यांनी आधी एमपी-थ्री करून त्यावरून सीडी केली होती. एमपी-थ्रीत आकार लहान करण्यासाठी ध्वनीचा काही भाग कायमचा गाळला जातो. तिची पुन्हा वेव्ह फाईल केली तर आकार वाढतो, गाळलेले मात्र परत येत नाही.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, तेही डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचे. म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी. ७०० एमबीच्या कोऱ्या तबकडीवर ८० मिनिटांचे संगीत मावते, कारण माहितीच्या सीडीत चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली जादा जागा संगीताच्या सीडीत ध्वनीलाच दिलेली असते. याचा तोटा असा, की ओरखड्याच्या जागी यंत्र अंदाजाने पोकळी भरते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून वाचून घेण्यासाठी मी विंडोजवरील 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' निवडली. घरगुती वापरास ती विनामूल्य आहे. तिच्या सुरक्षित पद्धतीत प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो, आणि मेळ न बसल्यास पुनःपुन्हा. 'टेस्ट अँड कॉपी' निवडल्यास दोन वाचनांचे दोन तपास-आकडे शेजारी दिसतात. रोकड मोजून वहीशी ताळा पाहणाऱ्या आपल्या मंडळींना ही पद्धत समजावून सांगावी लागू नये! (लिनक्सवर हेच काम 'सीडीपॅरानोईया' करते.)

संपादनासाठी 'ऑडॅसिटी' पुरेशी आहे. मूळ वेव्ह फाईल मात्र वेगळी जपावी आणि प्रतीवरच काम करावे. खरखर घालविण्याचा मोह आवरावा. मी पहिल्या खेपेस इतकी घालविली, की आत्याबाईंचा श्वासही गेला. गाणी तोडताना सीडीच्या चौकटींवर, म्हणजे सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागावर तोडावीत. तशी सोय ऑडॅसिटीत आहे. अन्यथा सांध्यावर टकटक येण्याचा संभव असतो.

तबकडी लिहिताना 'ऑडिओ सीडी' हाच प्रकार निवडावा. माहितीची सीडी केल्यास जुन्या डेकवर ती बहुधा वाजणार नाही. 'डिस्क-ॲट-वन्स' पद्धत घ्यावी, नाहीतर गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता शिरते आणि लग्नातला गलका मध्येच तुटतो. 'इमजबर्न' हे काम उत्तम करते.

तिसऱ्या गाण्याचे आकडे माझ्या संगणकावर चार वेळा जुळले नाहीत. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसली, तरी नाही. अखेर ती चुलतभावाच्या जुन्या संगणकात घातली. त्या ड्राइव्हने दोन्ही वेळा एकच आकडा दिला. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते गाणे पुरते ऐकले, मागे कुणीतरी "चहा आणा हो" म्हणते तिथपर्यंत. तो आवाज माझ्या वडिलांचा आहे.